ट्रायम्फ ६५० ट्विन: चढावर परत परत येणारं नॉकिंग आणि कंप्रेशन रेशो खाली आणण्याचं काम

नॉकिंग म्हणजे ज्वाला पोचण्याआधीच सिलेंडरमधलं मिश्रण आपोआप पेटणं. त्याचं लक्षण ओळखीचं आहे. टी१२० बॉनव्हिल किंवा टीआर६, इंजिन नीट तापलेलं, टॉप गियर, ३००० आरपीएमच्या आसपास आणि समोर चढ. थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे पिळला की टाकीखालून बारीक टणटण सुरू होते, पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवल्यासारखी. थ्रॉटल सोडला की आवाज बंद. मग टायमिंग (पिस्टन वर पोचण्याच्या किती डिग्री आधी ठिणगी पडते ते) दोन-तीन डिग्री मागे घेतलं जातं आणि आवाज जातो. महिन्या-दोन महिन्यांनी ऊन वाढलं किंवा पेट्रोल बदललं की तो परत येतो, टायमिंग आणखी मागे सरकतं. असं करत ३८ ची ३२ डिग्री होते, बेंड पाइप हेडजवळ निळे पडतात, गाडी चढाला दम टाकते आणि टणटण तरीही पूर्ण जात नाही.

टायमिंग मागे घेणं हा इथे उपाय नाही. जाळ उशिरा लागला की सिलेंडरमधला दाब कमी होतो म्हणून आवाज दबतो, पण जळतं मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. व्हॉल्व्ह, त्याची सीट आणि गाइड भाजून निघतात. हेड आणखी तापतं, आणि तापलेल्या हेडमध्ये नॉकिंग लवकर सुरू होतं. दुखणं परत परत येतं ते याच चक्रामुळे.

मुळात हे इंजिन ज्या पेट्रोलसाठी बनलं ते पेट्रोल आता पंपावर नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये १९५३ पर्यंत ‘पूल’ पेट्रोल मिळायचं, ऑक्टेन (नॉकिंग न होऊ देण्याची पेट्रोलची क्षमता) सत्तरच्या आसपास. म्हणून १९४९ साली आलेल्या ६टी थंडरबर्डचं कंप्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) फक्त ७:१ होतं. पुढे चांगलं पेट्रोल आलं तसा आकडा चढत गेला. १९५९ च्या मॉडेलची बॉनव्हिल ८.५:१ वर आली आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ती ९:१ वर गेली, कारण तेव्हा पंपावर पाच स्टारचं १०० ऑक्टेन पेट्रोल मिळत होतं. आज ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ९५ ऑक्टेनचं आहे आणि सप्टेंबर २०२१ पासून त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. प्रीमियम घेतलं तर ९७ ते ९९. भारतात साधं पेट्रोल वर्षानुवर्षं ९१ ऑक्टेनचं होतं आणि आता त्यात २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलने ऑक्टेन घटत नाही, उलट वाढतो. पण त्यात ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण गरम जळतं.

याच्या जोडीला पन्नास-साठ वर्षांची दुरुस्ती आहे. हेड दोनदा-तीनदा फेसिंग झालेलं (बूड घासून सपाट केलेलं) असतं, बोअर मोठा झालेला असतो, पिस्टन कुठल्या तरी दुसऱ्याच सेटमधले असतात. पिस्टनवर ९:१ लिहिलं आहे म्हणून इंजिन ९:१ चं असतं असं नाही. ते साडेनऊचं असू शकतं आणि साडेआठचंही. त्यामुळे न मोजता प्लेट (रेशो कमी करायला ब्लॉकखाली टाकतात तो धातूचा सपाट तुकडा) मागवू नका. हे काम बिघडतं ते बहुतेक इथेच.

हेड उघडण्याआधी

आवाज नॉकिंगचाच आहे ना, हे पक्कं करा. थंड इंजिनवर येऊन तापल्यावर जाणारा आवाज पिस्टन सैल झाल्याचा असतो. थ्रॉटल कमी-जास्त करूनही सारखाच राहणारा खडखडाट टॅपेटचा किंवा स्मॉल एंड बुशचा. खात्री करायची सोपी रीत म्हणजे टायमिंग फक्त चाचणीपुरतं ३ डिग्री मागे घ्यायचं, त्याच चढावर त्याच गियरमध्ये जायचं. आवाज गेला तर नॉकिंग आहे. मग टायमिंग परत जागेवर आणायचं आणि टाकीत मिळेल ते सर्वांत जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून तोच चढ पुन्हा. त्यानेही आवाज गेला तर रेशो पेट्रोलला झेपत नाही, हे बऱ्यापैकी सिद्ध झालं.

तरीही चार गोष्टी आधी तपासाव्या लागतात, कारण त्या चुकलेल्या असतील तर ७.५:१ चं इंजिनही टणटणेल.

पहिली, ऑटो अ‍ॅडव्हान्स युनिट, म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी आपोआप लवकर पाडणारा भाग. स्प्रिंग सैल पडल्या असतील तर पूर्ण अ‍ॅडव्हान्स फार लवकर मिळतो. कॅम बोटांनी फिरवून सोडला की तो स्वतःहून झटकन मागे यायला हवा. रेंगाळला किंवा मध्येच अडला तर पिव्होट साफ करून तेलाचा एक थेंब द्या, स्प्रिंग नव्या टाका. रोटरवर खूण असलेल्या मॉडेलवर टायमिंग लाइट लावून पूर्ण अ‍ॅडव्हान्सला ३८ डिग्री येते का ते बघा.

दुसरी, दोन्ही सिलेंडरचं टायमिंग वेगवेगळं असणं. १९६८ च्या आधीच्या गाड्यांवर पॉइंट बसवायची ल्यूकसची ४सीए प्लेट असते. तिच्यात दोन्ही पॉइंट स्वतंत्रपणे सरकवता येत नाहीत, त्यामुळे एक बाजू बरोबर केली की दुसरी गॅप बदलूनच जुळवावी लागते. एक सिलेंडर ३८ वर आणि दुसरा ४२ वर, हे तिथे सर्रास सापडतं. १९६८ पासूनच्या ६सीए प्लेटमध्ये दोन्ही पॉइंट वेगळे लावता येतात. जुन्या गाडीवर ६सीए बसवली तर ही कटकट कायमची मिटते.

तिसरी, पातळ मिश्रण. अमल कॉन्सेंट्रिकचा फ्लँज नट जास्त आवळल्याने वाकतो आणि ओ-रिंगच्या कडेने हवा ओढतो. फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरा. मधोमध उजेड दिसला तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासून सपाट करा आणि नवी ओ-रिंग टाका. इथेनॉलच्या पेट्रोलवर मेन जेट एक नंबर मोठा लागतो, म्हणजे १९० असेल तर २००.

चौथी, प्लग. बॉनव्हिलला चॅम्पियन एन३ किंवा तितकाच थंड प्लग हवा. तेल जळतं म्हणून गरम प्लग लावलेला असेल तर त्याचं टोकच लाल होऊन ठिणगीआधी जाळ लावतं. तेल जळत असेल तर दुरुस्ती गाइड आणि रिंगची करायची. तेलाच्या वाफेने पेट्रोलचा ऑक्टेन पडतो आणि पिस्टनवर कार्बन चढतो, म्हणजे नॉकिंगला दोन्हीकडून आमंत्रण.

हे सगळं ठीक असूनही आवाज येत असेल तर रेशोकडे वळा.

खरा रेशो मोजणं

या इंजिनचा बोअर ७१ मि.मी., स्ट्रोक ८२ मि.मी. बोअरचं क्षेत्रफळ ३९.६ चौ. सें.मी., त्यामुळे एका सिलेंडरचं विस्थापन ३२४.६ सी.सी. पिस्टन सगळ्यात वर असताना वर उरलेली जागा मोजली की रेशो मिळतो: ३२४.६ मध्ये ती जागा मिळवा आणि बेरजेला त्याच जागेने भागा. उलट बाजूने पाहिलं तर ९:१ साठी ४०.६ सी.सी. जागा लागते, ८.५ साठी ४३.३, ८ साठी ४६.४ आणि ७.५ साठी ४९.९.

बोअर मोठा झाला असेल तर आकडे बदलतात. ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइजला बोअर ७२.०२ मि.मी., क्षेत्रफळ ४०.७ आणि विस्थापन ३३४ सी.सी. होतं. वरची जागा ४१.५ सी.सी. धरली तर मूळ बोअरवर रेशो ८.८ येतो आणि ४० थाऊवर ९.०५. म्हणजे हेडला हात न लावता नुसत्या रिबोअरने पाव आकडा चढला. हेड फेसिंगचा हिशेब ढोबळमानाने असा, की दर १० थाऊला एक सी.सी. जागा जाते.

हेड न उघडता मोजायचं असेल तर १०० सी.सी.ची ब्युरेट किंवा खुणा स्पष्ट असलेली मोठी सिरिंज, आणि पातळ तेल लागतं. रॉकेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं चालतं. या इंजिनमध्ये दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येतात, पण त्यातला एकच कंप्रेशनवर असतो. दुसऱ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह तेव्हा थोडे उघडे असतात. म्हणून एक बाजू मोजून झाली की क्रँक पूर्ण एक फेरा फिरवायचा आणि मग दुसरी मोजायची. टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा, अंदाजाने धरू नका. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप लावा, डिग्री डिस्कवर दोन्हीकडून खुणा घ्या आणि त्यांचा मध्य काढा.

प्लगचं भोक बाजूला तिरकं असल्यामुळे गाडी विरुद्ध बाजूला इतकी कलवावी लागते, की भोक सर्वांत उंच येईल. गाडीला दोन्ही बाजूंनी भक्कम टेकू द्या. तेल हळू सोडा, गाडी किंचित हलवून बुडबुडे वर येऊ द्या. तेल भोकाच्या वरच्या कडेपर्यंत आलं की भरलेल्या आकड्यातून प्लगच्या आट्यांची जागा वजा करा. १४ मि.मी.च्या लांब आट्यांच्या भोकात ती अडीच सी.सी.च्या आसपास असते. तुमच्या प्लगच्या टोकाच्या आतल्या पोकळीमुळे थोडा फरक पडतो, पण दोन्ही बाजूंना एकच पद्धत ठेवली तर तुलना चोख राहते. मिनिटभरात तेलाची पातळी ठळकपणे खाली गेली तर तेल रिंगमधून झिरपतंय आणि या पद्धतीचा आकडा विश्वासाचा नाही. मोजून झाल्यावर प्लग काढलेले ठेवून कापड धरून किक मारा. तेल आत ठेवून इंजिन चालू केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेड उघडून मोजणं जास्त अचूक. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर, चेंबरच्या कडेला ग्रीसची बारीक वळी, वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी, आणि भोकातून तेल. पिस्टनच्या डोमसाठी (माथ्याच्या फुगीर भागासाठी) पिस्टन ब्लॉकच्या वरच्या पातळीपासून कडेला मोजून बरोबर २५ मि.मी. खाली आणा, फटीत ग्रीस भरा, वर तीच पट्टी. ७१ मि.मी. बोअरमध्ये २५ मि.मी. खोलीला ९९ सी.सी. जागा असायला हवी. तेल ७८ सी.सी. मावलं तर डोम २१ सी.सी.चा. हेडचं माप अधिक पॅकिंगची जागा अधिक टीडीसीला पिस्टनची कड ब्लॉकच्या किती खाली राहते ती जागा, वजा डोम, असा हिशेब. पॅकिंगच्या दर मि.मी. जाडीला ४ सी.सी. धरा.

दोन्ही सिलेंडरमध्ये एक सी.सी.पेक्षा जास्त फरक आला तर थांबा. एक सीट नवी बसवून वर राहिलेली, एक व्हॉल्व्ह घासून घासून खोल गेलेला किंवा हेड तिरकं फेसिंग झालेलं, यातलं काहीतरी असतं. एकाच बाजूने नॉकिंग येतं तेव्हा कारण इथे सापडतं, आणि प्लेट टाकून दोन्ही बाजूंचा फरक तसाच राहतो.

कंप्रेशन गेजच्या आकड्यावरून रेशो काढू नका. स्पोर्ट कॅममध्ये इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे किकच्या वेगाला गेज कमीच दाखवतो. गेज रिंग आणि व्हॉल्व्हची तब्येत सांगतो, भूमिती नाही.

किती खाली आणायचं

९५ ऑक्टेनवर ८:१ निवांत चालतं. ९७-९९ सहज मिळत असेल तर ८.५ ठेवा. फक्त ९१ चीच खात्री असलेल्या भागात, विशेषतः मे महिन्यात घाट चढायचे असतील तर ७.५. लोकांना भीती असते की गाडी मेलेली होईल. ९ वरून ८ वर आल्यावर आदर्श चक्राच्या हिशेबाने कार्यक्षमता साडेतीन टक्के घटते, ७.५ वर आल्यावर पाचच्या आसपास. ३२ डिग्रीवर अडकवलेलं ९:१ चं इंजिन त्यापेक्षा जास्त ताकद घालवून बसलेलं असतं. रेशो खाली आणून टायमिंग परत ३८ ला नेलं की गाडी आधीपेक्षा मोकळी ओढते. किकही हलकी होते.

प्लेटची जाडी काढायची तर हव्या जागेतून असलेली जागा वजा करा आणि मूळ बोअरसाठी ३.९६ ने भागा, उत्तर मि.मी.मध्ये. समजा मोजून ४१.५ सी.सी. आली आणि ८:१ हवं आहे. ४६.४ वजा ४१.५ म्हणजे ४.९, भागिले ३.९६ म्हणजे १.२४ मि.मी. इथे बरेच जण बेस पॅकिंग विसरतात. आधी एक पॅकिंग होतं, आता प्लेटच्या वर एक आणि खाली एक, म्हणजे ०.२५ मि.मी. आपोआप वाढले. प्लेट १ मि.मी.ची घ्या. ४० थाऊच्या बोअरला ३.९६ च्या जागी ४.०७ धरा. तिथे ९.०५ वरून ८ ला यायला एकूण दीड मि.मी. लागतात.

हेडखाली नको, ब्लॉकखाली

जाड तांब्याचं हेड पॅकिंग टाकलं की काम संध्याकाळपर्यंत होतं, म्हणून तो मोह होतो. ट्रायम्फवर तो टाळा. पुशरॉड ट्यूब ब्लॉकमधल्या टॅपेट गाइडवर उभ्या असतात आणि त्यांचं वरचं तोंड हेडमध्ये बसतं. हेड एक मि.मी. वर गेलं की ट्यूबच्या सीलवरचा दाब तेवढाच कमी होतो आणि तेल पाझरायला लागतं. या इंजिनची तेलगळतीबद्दलची ख्याती बरीचशी या चार सीलमुळेच आहे. प्लेट ब्लॉकखाली टाकली तर ट्यूब, ब्लॉक आणि हेड एकत्र वर सरकतात आणि सीलचा दाब तसाच राहतो. चेंबर अर्धगोल आहे, त्यात मुद्दाम ठेवलेला स्क्विशचा (मिश्रण मध्याकडे दाबून ढकलणारा) कट्टा नाही, त्यामुळे ब्लॉक वर उचलून जळण्याच्या पद्धतीत काही बिघडत नाही.

रिबोअर करायचाच असेल तर मात्र प्लेटच्या भानगडीत न पडता कमी कंप्रेशनचे पिस्टनच घ्या. डोम ठेंगणा असला की ज्वालेला वाट मोकळी मिळते आणि खाली सांगितलेली पुशरॉडची भूमितीही बिघडत नाही. दोन्ही पिस्टन, पिन आणि रिंगसकट तोलून घ्या. दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर जड पिस्टनच्या आतून घासून तो काढा.

प्लेट आणि तिचं बसवणं

प्लेट अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची, एका तुकड्यातली. दोन पातळ प्लेट एकमेकांवर रचल्या की प्रत्येक सांध्यातून तेल येतं. सपाटपणा काचेवर ठेवून फीलर गेजने बघा, ०.०५ मि.मी.चं पान कुठेही शिरता कामा नये. भोकांच्या कडा साफ करा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १९६६ पासूनच्या इंजिनमध्ये एक्झॉस्ट टॅपेटला दाबाखाली तेल जातं. ते क्रँककेसमधल्या बारीक भोकातून ब्लॉकच्या बुडात आणि तिथून टॅपेट गाइडच्या खाचेत पोचतं. प्लेटला ते भोक नसेल, किंवा बेस पॅकिंग जुन्या मॉडेलचं असेल, तर तेल तिथेच अडतं. इंजिन नेहमीसारखं चालतं, कुठे गळत नाही, आवाजही नाही. काही हजार किलोमीटरनी एक्झॉस्ट कॅमची टोकं झिजून टॅपेटची तोंडं उखडलेली दिसतात. ब्लॉक ठेवण्याआधी प्लेट आणि दोन्ही पॅकिंग क्रँककेसवर रचून त्या भोकातून तार घालून बघा. सीलंट फार लावलं तरी हेच भोक बुजतं, म्हणून न सुकणारं वेलसील किंवा हायलोमार बोटाने अगदी पातळ फिरवा आणि भोकाभोवती ५ मि.मी. जागा कोरडी ठेवा.

बेसच्या ८ नटांना प्लेटच्या जाडीएवढे आटे कमी मिळतात. नट पूर्ण भरून स्टडचं टोक किमान नटाच्या तोंडापर्यंत आलंच पाहिजे. नसेल तर लांब स्टड लावा. टॉर्क ३५ पाउंड-फूट, म्हणजे ४७ न्यूटन-मीटर, आमनेसामने आणि तीन टप्प्यांत. तांब्याचं हेड पॅकिंग पुन्हा वापरत असाल तर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, म्हणजे ते परत मऊ होतं. हेडचे ३/८ इंची बोल्ट १८ पाउंड-फूट, २४ न्यूटन-मीटर, मॅन्युअलच्या क्रमाने मधून बाहेर.

हेड आवळण्याआधी पुशरॉड ट्यूबचे नवे सील लावून हेड नुसतं ठेवा. हेड आणि पॅकिंगमध्ये ३० ते ४० थाऊ, म्हणजे पाऊण ते एक मि.मी. फट दिसली पाहिजे. तेवढाच सील आवळल्यावर दबणार. फट शून्य असेल तर ट्यूब गळणार. दीड मि.मी. असेल तर हेड पॅकिंगवर बसण्याआधीच ट्यूबवर टेकेल आणि हेड पॅकिंग उडेल. सील वेगवेगळ्या जाडीत मिळतात, फट त्यांच्यावर जुळवायची.

हेड वर गेल्यामुळे हेड स्टेच्या पट्ट्यांची भोकं जुळत नाहीत. त्या बोल्टने ओढून जागेवर आणू नका, नाहीतर हेडवर सतत ताण राहतो आणि पट्ट्या तुटतात. भोक लांबट करा. बेंड पाइपचे ब्रॅकेट सैल करून पाइप आधी हेडवर बसवा आणि मग ब्रॅकेट आवळा.

पुशरॉड

प्लेट टाकल्यावर कॅमपासून रॉकरचं अंतर प्लेटएवढंच वाढतं. टॅपेट त्याच्या गाइडमध्ये तेवढा खाली बसतो, पुशरॉड खाली जातो, रॉकरचं पुशरॉडकडचं टोक खाली आणि व्हॉल्व्हकडचं वर. मग अ‍ॅडजस्टर बाहेर काढत काढत टॅपेट सेटिंग केलं जातं आणि ते जमतंही. दिसत नाही ते हे, की रॉकर तिरका झाल्याने अ‍ॅडजस्टरचं टोक व्हॉल्व्हच्या दांड्याच्या मध्यावर न टेकता कडेला टेकतं आणि दांडा दर ठोक्याला बाजूला ढकलला जातो. गाइड लांबट झिजतो, तेल खाली उतरतं, कार्बन चढतो आणि वर्षाभराने नॉकिंग परत दारात.

एक मि.मी.पर्यंतची प्लेट मूळ पुशरॉडवर चालते. त्यापुढे पुशरॉड प्लेटएवढा लांब करावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला दोन्ही टोकांना स्टीलच्या टोप्या असतात, लांब नळीवर नव्या टोप्या बसवलेले संच मिळतात. व्हॉल्व्ह निम्मा उघडलेला असताना अ‍ॅडजस्टर दांड्याशी सरळ रेषेत आहे का, हे मार्करचा ठिपका लावून आणि इंजिन हाताने फिरवून बघा. खूण मध्यावर किंवा मध्याच्या अगदी जवळ उमटली पाहिजे. हेडचं फेसिंग आधीच एक मि.मी. झालेलं असेल तर एक मि.मी.ची प्लेट रॉकरला मूळ अंतरावर परत आणते, आणि पुशरॉडला हात लावावा लागत नाही.

टॅपेट थंड इंजिनवर इनलेट २ थाऊ, एक्झॉस्ट ४ थाऊ. टायमिंग ३८ डिग्री, दोन्ही बाजूंना, टायमिंग लाइटवर. जुन्या ३२ डिग्रीवर ‘सुरक्षित’ म्हणून ठेवलं तर सगळी मेहनत पाण्यात जाईल.

उलट दिशेने जाताना

कधीकधी इंजिन उघडल्यावर आधीच्या कुणी टाकलेली जाडजूड प्लेट सापडते, रेशो ६.८ वगैरे निघतो आणि ती काढायची असते. तेव्हा दोन धोके आहेत. रिंग आजवर जिथपर्यंत जात होती तिथे बोअरच्या वरच्या बाजूला झिजेचा कंगोरा तयार झालेला असतो. प्लेट काढली की ब्लॉक खाली येतो, वरची रिंग त्या कंगोऱ्यावर आदळते आणि पहिल्याच शंभर किलोमीटरमध्ये तुटते. नखाला कंगोरा लागत असेल तर तो रीमरने काढा किंवा सरळ रिबोअर करा. दुसरा धोका व्हॉल्व्ह पिस्टनला लागण्याचा. डोमच्या खाचांवर मऊ क्ले ठेवा, हेड आवळा, टॅपेट शून्य फटीवर आणून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. कापलेल्या क्लेची सर्वांत पातळ जागा दीड मि.मी.पेक्षा कमी नको. प्लेट काढताना पुशरॉड आधी लांब केलेले होते का, हेही मोजा. लांब पुशरॉड तसेच राहिले तर अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घेऊनही व्हॉल्व्ह उघडा राहतो.

नंतरचे ४०० किलोमीटर

इंजिन तापवून पूर्ण थंड होऊ द्या, हेडचे बोल्ट आणि टॅपेट पुन्हा बघा. ४०० किलोमीटरनी तेच पुन्हा, बेसच्या नटांसकट. बुडाला तेलाचा ओलावा दिसला तर लगेच नट आवळत सुटू नका. पुशरॉड ट्यूबचं तेल ब्लॉकवरून ओघळून तिथेच साचतं. सगळं पुसून टाल्कम पावडर फवारा आणि दहा मिनिटं चालवा, ओली रेघ कुठून निघते ते दिसेल.

मग तोच चढ, तोच गियर. आवाज आता फक्त कडक उन्हात आणि पूर्ण थ्रॉटलला येत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा करून बघा. अजूनही एकाच बाजूने येत असेल तर त्या बाजूचा कार्ब फ्लँज आणि पॉइंट. दोन्हीकडून आणि अर्ध्या थ्रॉटललाही येत असेल तर मोजमापात चूक झाली आहे, बहुधा टीडीसीत किंवा प्लगच्या आट्यांच्या वजाबाकीत. टायमिंगला हात न लावता पुन्हा मोजा.

प्लेटच्या बाहेर राहणाऱ्या कडेवर तिची जाडी, बोअरचं माप आणि मोजलेली चेंबरची जागा कोरून ठेवा. पुढचं हेड फेसिंग करणाऱ्याला ते आकडे इंजिन न उघडता वाचता येतील.